खोली पाचशे बारा, किल्ली माझ्या मनगटावर

बेंगळुरूहून परत आल्यापासून कॉलनीतल्या बायका विचारतायत, काय काय पाहिलंत? लालबाग पाहिली का, राजवाडा पाहिला का, तिथून म्हैसूरला जाऊन आलात की नाही? यातलं काहीही मी पाहिलेलं नाही. तीन दिवसांत मी सगळ्यात जास्त पाहिलं ते हॉटेलच्या पाचव्या मजल्यावरचं एक दार. तपकिरी, गुळगुळीत आणि किल्लीला भोक नसलेलं. ज्यांना लालबागेची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं. दाराबद्दल मात्र मी पुष्कळ सांगू शकते.

आधी आम्ही दोघी कोण ते सांगते. मी सुलभा. कऱ्हाडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काढली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्या शकुताई, माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या नणंद. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यांतून नर्स म्हणून गावोगाव नोकरी केली आणि नंतर सांगलीला एकट्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. ‘आणलं’ हा शब्द मी या दोन वर्षांत पुष्कळांना पुष्कळदा ऐकवलाय. ऐकणारा लगेच म्हणतो, ‘आजकाल कोण करतं हो एवढं!’ आणि मी मान खाली घालते. घालण्याआधी तो पुरेसं कौतुकानं बघतोय ना, याची खात्री करून घेते.

शकुताईंना बेंगळुरूला जायचं होतं ते त्यांच्या मैत्रिणीला भेटायला. पद्मा नावाची ही मैत्रीण मिरजेला नर्सिंग शिकताना त्यांच्या खोलीत होती. दोघींची गाठ पडून चाळीस वर्षं होऊन गेलेली. आता पद्माताई कायमच्या मुलीकडे परदेशी निघाल्या होत्या. त्यांचा फोन आला, ‘शकू, आता नाही आलीस तर मग नाहीच.’ शकुताईंनी त्या दिवसापासून पेटी भरायला घेतली. नवऱ्याची कंबर धरलेली, म्हणून मी म्हटलं, ‘मी घेऊन जाते त्यांना.’

मुक्काम पद्माताईंकडेच करा असा त्यांचा आग्रह होता. पण सामानाची बांधाबांध चाललेल्या घरात दोघींचं ओझं कशाला, म्हणून मी हॉटेल ठरवलं. म्हणजे पुण्याहून माझ्या मुलानं, अमेयनं ठरवलं. पीण्या या तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाताना त्याच्या ऑफिसातली माणसं तिथंच उतरतात. निघायच्या आदल्या रविवारी तो घरी आला आणि त्यानं माझ्या फोनवर हॉटेलचं ॲप घातलं.

‘आई, किल्ली आता यात येणार. दाराला फोन लावायचा, दार उघडतं. आणि तीच किल्ली मी तुझ्या घड्याळातही घालून ठेवलीय. फोन तू ठेव, घड्याळ तिथं आत्याला दे.’

घड्याळ म्हणजे माझ्या साठीला त्यानंच दिलेलं. ते माझी पावलं मोजतं आणि मी फार वेळ बसले की मनगटाला गुदगुल्या करून मला उठवतं. ‘बरं बरं, देईन,’ मी म्हटलं. आत्यांना घड्याळ द्यायचा माझा अजिबात विचार नव्हता.

शुक्रवार

मिरजेहून रात्रीच्या गाडीनं यशवंतपूरला उतरलो. हॉटेल स्टेशनपासून जवळच होतं. काउंटरवर दीपा नावाची मुलगी होती. मी हिंदी जुळवत होते, तेवढ्यात ती म्हणाली, ‘मराठीत बोला की ओ काकू. मी चिकोडीकडची.’ मला एवढा आनंद झाला की मी तिला गेल्या गेल्या ऐकवलं, ‘आमची किल्ली फोनवर आहे हं. घड्याळातपण आहे.’ खेड्यातल्या बायका समजू नयेस, असा त्याचा अर्थ.

‘भारीच की,’ ती म्हणाली. ‘मग ह्या आजींसाठी एक साधं कार्ड देऊ का? दुसरी किल्ली म्हणून?’

‘नको नको,’ मी म्हटलं. ‘आमच्या ताई हरवतील.’

शकुताई तेव्हा हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. ही सोय मी दोन वर्षं वापरत आले होते.

लिफ्टमध्ये किल्ली दाखवल्याशिवाय वरच्या मजल्याचं बटण लागत नव्हतं. मी फोन दाखवला. नंतर घड्याळ दाखवलं. मग दोन्ही एकदम दाखवली. आमच्याबरोबर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले दोन इंजिनियर होते. त्यांतल्या एकानं माझा फोन हळूच सुलटा करून दिला. पाचव्या मजल्यावर मी पुढं झाले आणि दाराच्या दांड्यावरच्या काळ्या चकतीवर फोन टेकवला. लाल दिवा. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. मनगट वाकडं करून घड्याळ टेकवलं. शेजारून कुणी पाहिलं असतं तर बाई दाराची नाडी बघतेय असं वाटलं असतं. तेवढ्यात दार आतून उघडलं. अर्ध्या गालाला साबण लावलेला एक गृहस्थ उभा होता.

‘माझी खोली,’ मी म्हटलं.

त्या बिचाऱ्यानं मागं वळून आपलं सामान आहे ना ते पाहिलं. मग बोटानं दारावरचा आकडा दाखवला. पाचशे एकवीस. आमची पाचशे बारा.

शकुताई मागून म्हणाल्या, ‘सुलभा, आकडा वाचला असतास तर.’

आमच्या दाराला हिरवा दिवा पहिल्या फटक्यात लागला. आत मात्र अंधार. दाराशेजारच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत, आणि कार्ड तर मी दिमाखात नाकारलेलं. खाली फोन केला. दीपा म्हणाली, ‘कसलंबी कार्ड घाला काकू, चालतंय.’ शकुताईंनी पर्समधून एस.टी.चं ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड काढलं. ते खाचेत सारलं आणि दिवे लागले, एसी घुमायला लागला. अर्ध्या तिकिटाच्या कार्डावर एवढा थाट! आम्ही दोघी बऱ्याच दिवसांनी एकमेकींकडे बघून हसलो. हा प्रसंग मी संध्याकाळी फोनवरून चौघांना सांगितला. त्यातला पाचशे एकवीसचा भाग गाळून.

त्या दिवशी मी दार किती वेळा उघडलं याचा हिशोब घड्याळालाच माहीत. शकुताईंना खाली माशांच्या काचेच्या टाकीपाशी बसायचं होतं. मी म्हटलं, थांबा, मी येते. त्यांना गच्ची बघायची होती. मी म्हटलं, वारा असेल, उद्या बघू. मला तेव्हा ही काळजीच वाटत होती. दर वेळी हिरवा दिवा लागला की मला जो आनंद होत होता, त्याला काय म्हणायचं ते आता कळतंय.

शनिवार

पद्माताईंचा भाचा मुरली साडेनऊला गाडी घेऊन येणार होता. मग अख्खा दिवस दोघी मैत्रिणींचा. रविवारी आमची परतीची गाडी होती, म्हणून शनिवारच महत्त्वाचा.

मला सकाळी सहालाच जाग आली. शकुताई आंघोळीच्या तयारीत होत्या. मी म्हटलं, ‘ताई, मी मल्लेश्वरमच्या बाजारातून फुलं घेऊन येते. रिकाम्या हातानं कसं जायचं? नऊच्या आत परत येते.’

‘जा. मी आवरून बसते.’

फोन पर्समध्ये, घड्याळ मनगटावर. दोन बायका, दोन किल्ल्या, आणि दोन्ही माझ्याच अंगावर घेऊन मी बाहेर पडले.

मल्लेश्वरमचा बाजार पाहण्यासारखा आहे, एवढं मात्र खरं. आपल्याकडे गजरा नगावर मिळतो. तिथं फुलांची माळ हातानं मोजतात. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत एक मोळ. फुलवाली लांब हाताची बघून घ्यावी, एवढी अक्कल मला होती. ‘यरडु मोळ,’ असं शेजारच्या बाईचं ऐकून मी म्हटलं आणि तिनं खरंच दोन हात मोगरा मोजून दिला. मला कन्नड आलं म्हणून मी स्वतःवर इतकी खूष झाले की फुलांचे, केळीच्या पानांचे, रताळ्यांच्या ढिगाचेसुद्धा फोटो काढत सुटले. मग वास आला तुपाचा. एका लहानशा हॉटेलापुढं माणसं उभ्यानं डोसे खात होती. आपल्या डोशासारखा कागद नाही. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वर लोण्याचा गोळा विरघळतोय. पहिला खाल्ला. घड्याळात आठ वीस झाले होते. दुसरा सांगितला.

पुढं कळलं ते आताच सांगते. मी दुसरा डोसा सांगत होते त्याच सुमाराला शकुताई आंघोळ करून, गाऊन घालून, दारावर अडकवलेलं वर्तमानपत्र घ्यायला दार उघडून वाकल्या होत्या. पत्र सुटून पॅसेजमध्ये पडलं. त्या एक पाऊल बाहेर आल्या आणि मागं दार आपोआप लागलं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी वर कॉफी घेतली. फोन काढला तर तो फोटो काढून काढून बंद पडलेला. रिक्षा फोनवरून बोलवायची सवय, आता बोलवणार कशी? दोन रिक्षावाल्यांनी यशवंतपूर म्हटल्यावर नुसती मान हलवली, हो की नाही ते कळण्याआधी निघून गेले. मग मेट्रोनं जायचं ठरवलं. जिना चढले आणि समोर आलेल्या गाडीत ऐटीत बसले. तीन स्टेशनं गेल्यावर शेजारच्या बाईंना विचारलं तेव्हा समजलं की मी गावाच्या दुसऱ्या टोकाकडे निघालेय. उतरले, पूल ओलांडला, परत बसले. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. मी मनाशी म्हणत होते, मुरली काय वेळेवर थोडाच येणार! बेंगळुरूची वाहतूक आहे.

हॉटेलात पोचले तेव्हा दहा वीस झाले होते. लिफ्टला घड्याळ दाखवलं. ती ऐकू लागली होती आता. पाचव्या मजल्यावर दार उघडलं आणि पॅसेजच्या टोकाला मला दोन बायका दिसल्या.

एक खोल्या आवरणारी बाई, निळ्या कपड्यातली, भिंतीला टेकून उभी. दुसरी प्लास्टिकच्या खुर्चीवर, पांढरी चादर खांद्यापासून पायापर्यंत गुंडाळून बसलेली. पायात चप्पल नाही. ओले केस पाठीवर मोकळे. त्या शकुताई आहेत हे कळायला मला चार पावलं चालावी लागली. कारण त्या बोलत होत्या, भरभर बोलत होत्या, आणि कन्नडमध्ये बोलत होत्या.

‘ताई? बाहेर कशा?’

बोलणं थांबलं. निळ्या कपड्यातल्या बाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फुलांच्या पुड्याकडे, मग माझ्या मनगटाकडे. शकुताईंना काहीतरी विचारलं. त्या ‘हौदु’ म्हणाल्या. एवढं मला कळलं. ‘हो, हीच ती.’

‘दार लागलं,’ शकुताई मला म्हणाल्या. ‘उघड.’

मी मनगट लावलं. हिरवा दिवा. त्या चादरीसकट आत गेल्या आणि त्यांनी घाईनं बाथरूमचं दार लावून घेतलं.

दोन तास त्या तिथं होत्या. गाऊनवर, पुरुषमाणसांच्या वर्दळीत खाली काउंटरला जायला त्या तयार नव्हत्या. त्या महादेवीनं, म्हणजे निळ्या कपड्यातल्या बाईनं, स्वतःच्या फोनवरून काउंटरला विचारलं. सकाळच्या पाळीच्या माणसानं सांगितलं, खोली दुसऱ्या बाईंच्या नावावर आहे, ओळखपत्र दाखवल्याशिवाय दार उघडता येणार नाही. त्याचा नियम बरोबरच होता. ओळखपत्र खोलीत होतं. आधार कार्ड पर्समध्ये, आणि एस.टी.चं कार्ड भिंतीच्या खाचेत, रिकाम्या खोलीचा एसी चालवत. त्यानं माझा नंबर लावून पाहिला. तो बंद.

साडेनऊला शकुताईंचा फोन वाजायला लागला. आत, पलंगावर. त्यांचा तो बटणांचा जुना फोन मोठ्यानं वाजतो, दारातून स्वच्छ ऐकू येतो. एकदा वाजून थांबला. पुन्हा वाजला. मुरली आला होता, आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून बाहेरूनच फोन करत होता. शकुताईंना हे समजत होतं. त्याचा नंबर त्यांच्या फोनमध्येच होता. त्यांनी महादेवीला खाली धाडलं, फाटकापाशी मुरली नावाचा कुणी गाडी घेऊन आहे का बघ म्हणून. ती जाईतो गाडी निघून गेली होती.

‘सात वेळा वाजला,’ शकुताई साडी नेसता नेसता म्हणाल्या. आवाज अगदी सरळ. रुग्णाची नोंद वाचावी तसा. ‘मग थांबला.’

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. फोन बंद पडला, रिक्षा मिळेना, मेट्रो उलटी. डोशाचा उल्लेख केला नाही. शेवटी म्हटलं, ‘ताई, मला काय माहीत तुम्ही दार उघडाल!’

त्यांनी निऱ्या खोचल्या आणि माझ्याकडे वळल्या. ‘काल तू त्या मुलीला म्हणालीस, ताई हरवतील. मला या कानानं कमी ऐकू येतं. कार्ड हरवतील म्हणालीस की ताईच हरवतील, ते नीट कळलं नाही. म्हणून विचारते.’

मी बंद पडलेला फोन चार्जिंगला लावायला वळले.

शकुताईंनी पद्माताईंना फोन लावला. पलीकडचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. ‘चाळीस वर्षांनी येतेस आणि फोन उचलत नाहीस? मुरली म्हणतो, तुझ्या फ्रेंडला इंटरेस्ट नाही अक्का! मी त्याला म्हटलं, तू शकूला वळखत नाहीस.’ शकुताई सगळं ऐकून घेत होत्या. मला वाटलं, आता माझं नाव निघणार. त्या एवढंच म्हणाल्या, ‘दार लागलं होतं गं. येते मी आता.’

मी पर्स उचलली. ‘चला.’

‘मी एकटी जाते.’

‘अहो ताई, अनोळखी गाव, भाषा...’ आणि तिथंच जीभ चावली.

‘जत तालुक्यात अकरा वर्षं काढलीत मी,’ त्या केस बांधत म्हणाल्या. ‘तिथल्या बायका बाळंतपणात मराठीत ओरडायच्या होय?’

पस्तीस वर्षं ही बाई माझी नणंद आहे. जतला त्यांची बदली होती हे मला माहीत होतं. तिथं त्या काय बोलत असतील, हा प्रश्न मला कधी पडला नाही. सणाला आल्या की मी त्यांना विचारायचे, ‘तिकडे कडधान्यं स्वस्त असतील ना?’

खाली दीपा कामावर आली होती. तिला सगळी हकीकत कळलेली. तिनं एक साधं कार्ड शकुताईंपुढं ठेवलं. मग मला हळूच म्हणाली, ‘काकू, काल घेतलं असतं तर झालं असतं की ओ.’ मी मनगटावरचं घड्याळ सोडायला लागले, तर शकुताई म्हणाल्या, ‘ते तुझं तुला असू दे. मला सारखं उठवायला कुणी नको.’ फुलांचा पुडा मात्र त्यांनी घेतला. दाराशी रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याशी दोन वाक्यं बोलल्या. तो हसला, त्या हसल्या, आणि रिक्षा गेली. सकाळी मला झिडकारणारी जात ही, त्यांना ‘बन्नी अम्मा’, या अम्मा, म्हणून बसवून घेऊन गेली.

दुपार कशी गेली ते विचारू नका. मी खाली गेले, वर आले. माशांच्या टाकीपाशी बसले. दीपाला दोनदा विचारलं, पद्माताईंचं मल्लेश्वरम इथून किती लांब? ‘जवळच की ओ,’ ती दोन्ही वेळा म्हणाली. पाचच्या सुमारास फोन आला.

‘सुलभा, मी आज पद्माकडेच झोपते.’

‘अहो, पण तुमच्या गोळ्यांचा डबा?’

‘बरोबर आणलाय.’

‘रक्तदाबाची रात्रीची...’

‘सुलभा,’ त्या म्हणाल्या, ‘मी नर्स आहे.’

रविवार

दुसऱ्या दिवशी मला जेवायला बोलावणं आलं. मुरली घ्यायला येणार होता. मी अर्धा तास आधीच फाटकापाशी जाऊन उभी राहिले. गळ्यात ओळखपत्रं घातलेले इंजिनियर सामान घेऊन जाताना माझ्याकडे बघत होते. पाचशे एकवीसवाल्यानं नमस्कार केला.

मुरली पन्नाशीचा, कुठल्याशा ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. त्यांचं घराणं तिथं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी गेलेलं. मराठी घरात बोलतात, पण ते मराठी आपल्याला ओळखीचं वाटतं आणि हातात येत नाही. ‘स्वल्प दाटी आहे वाटेला,’ तो म्हणाला. ‘काल रागे भरलो मी, शकूअक्कांवर. सॉरी.’ काल कुणावर रागे भरायला हवं होतं ते मी त्याला गाडीतच सांगितलं. सांगितलं तेव्हा जरा बरं वाटलं. तो ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, ‘होतं असं,’ म्हणाला आणि वाहतुकीकडे बघत राहिला.

घरात जिकडे तिकडे बॅगा. वजनकाटा हॉलच्या मधोमध. पद्माताई बुटक्या, गोल, काठी घेऊन चालणाऱ्या, आणि सतत बोलणाऱ्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘ही तुझी भावजय? ये बाई, आत ये. दार उघडंच आहे.’ आणि स्वतःच खो खो हसल्या. शकुताईंनी डोळ्यांनी त्यांना दटावलं. आदल्या दिवशीचा मोगरा दोघींच्या केसांत होता, सुकलेला. मी शकुताईंना केसात फूल घातलेलं कधी पाहिलं नव्हतं.

जेवण केळीच्या पानावर. भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोशिंबीर, तिला ते कोसंबरी म्हणतात. बिसी बेळे भात, वरून तूप. आणि पुरणपोळी. तिला ओबट्टू म्हणतात, आपल्यापेक्षा पातळ, आणि वर दुधाऐवजी नारळाचं दूध. मी म्हटलं, ‘आमच्याकडे कटाची आमटी लागते याबरोबर.’ पद्माताई म्हणाल्या, ‘आमच्याकडेसुद्धा! ती पण आहे,’ आणि वाटी पुढं सरकवली. वेगळेपण दाखवायला गेले, ते जमलं नाही.

जेवताना पद्माताई गोष्टी सांगत होत्या. शकू सायकलवरून रात्री-अपरात्री वाड्या-वस्त्यांवर कशी जायची, हे तिनं पत्रांतून कळवलेलं. एकदा ओढ्याला पाणी आलं म्हणून सायकल डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला आणि पलीकडे जाऊन जुळी सोडवली. एका सरपंचानं दवाखान्याच्या खोल्यांत धान्याची पोती ठेवली होती, ती हिनं एकटीनं ओढून रस्त्यावर काढली. मी घास हातात धरून ऐकत होते. शकुताई पानातलं लोणचं निवडत होत्या.

‘तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत ताई.’

‘तू विचारलं नाहीस.’ रागानं नाही. मीठ वाढ म्हणावं तसं.

संध्याकाळच्या गाडीचं आमचं तिकीट होतं. तीनला मी म्हटलं, ‘निघूया का?’

दोघी मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. शकुताई म्हणाल्या, ‘पद्मा शुक्रवारी जाणार. मी तिला विमानात बसवून येईन. मुरली तिकीट काढून देणार आहे माझं.’

‘एकट्या याल?’ तोंडातून निघून गेलंच. शिवाय पुढचं पण तयार होतं, खुबा, वरचा बर्थ, मिरजेला गाडी पहाटे पोचते ते. पद्माताई माझ्याकडे गंमत बघावी तसं बघत होत्या. मी ते सगळं ओबट्टूच्या शेवटच्या तुकड्याबरोबर गिळलं. ‘बरं,’ म्हटलं. ‘तुमची शाल आणि एस.टी.चं कार्ड हॉटेलात आहे. दोन्ही मुरलीबरोबर पाठवते.’

शकुताई फाटकापर्यंत सोडायला आल्या. पद्माताई काठी टेकत त्यांच्या मागं. गाडी वळणावर जाईपर्यंत मी मागं बघत होते. त्या दोघी माझ्याकडे बघत नव्हत्या. कुठल्याशा गोष्टीवर दोघींचं हसणं चाललं होतं, आणि पद्माताईंनी हसता हसता शकुताईंच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. शुक्रवार पाच दिवसांवर होता.

कऱ्हाड

घरी मला एकटीला बघून नवरा घाबरला. ‘ताई कुठाय?’ सगळं सांगितलं. डोशासकट. तो म्हणाला, ‘ती लहानपणी मलाच हात धरून शाळेत न्यायची.’

मंगळवारी मी स्टँडजवळच्या किल्लीवाल्याकडे गेले. आमच्या घराच्या तीन किल्ल्या आहेत. एक माझी, एक नवऱ्याची, आणि एक पुण्याला अमेयकडे, जो वर्षातून चारदा येतो. शकुताई दोन वर्षं या घरात राहतात. त्यांना बाहेर जायचं तर मी असावी लागते, आत यायचं तर मी असावी लागते. किल्लीवाल्यानं कानस फिरवत विचारलं, ‘हरवली का काय?’ मी म्हटलं, ‘नाही. केलीच नव्हती.’

शकुताई पुढच्या रविवारी आल्या. मिरजेहून एस.टी.नं, त्या कार्डावर, अर्ध्या तिकिटात. डोळे सुजलेले होते, ते मी विचारलं नाही. चहा झाल्यावर किल्ली पुढं ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन ओढली. मला आभाराची थोडी आशा होती, हे इथं कबूल करते.

परवा चार वाजता त्या चप्पल घालून निघाल्या. कुठं, ते सांगितलं नाही. मी भाजी निवडत होते. ‘कुठं’ हा शब्द ओठांपर्यंत आला, तो मी गवारीच्या शिरांबरोबर ओढून टाकला. पाच वाजले, सहा वाजले. घड्याळानं दोनदा मनगटाला गुदगुल्या केल्या, ऊठ म्हणून. उठले नाही. साडेसहाला बाहेरून दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला. आधी उलटी फिरली, अडकली. मग काढून परत घातली.

मी जागची हलले नाही. दार उघडलं.